ग्रीसचं खोटं बोट

मी एक जुनी ग्रीस गन आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. इतर जुन्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगतात तेव्हा गोड गोड बोलतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मला ते जमणार नाही. ज्या हाताने मला अकरा वर्षं वापरलं, त्याच हाताने माझ्यावर खोटा आळ घेतला. तो आळ कसा आला आणि कसा उतरला, एवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे.

गन म्हटलं की तुमचे डोळे मोठे होतात, ठाऊक आहे मला. पण मी कुणावर गोळी झाडत नाही. माझं पोट म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी नळा. त्यात लोण्यासारखं घट्ट ग्रीस भरतात. बाजूचा दांडा दाबला की ते पुढच्या बारीक नळीतून जोराने बाहेर पडतं. मोठ्या गाडीच्या खाली जिथे जिथे लोखंडावर लोखंड फिरतं, तिथे वाटाण्याएवढी एक चोच बसवलेली असते. तिला आमच्याकडे पॉइंट म्हणतात. माझं तोंड त्या पॉइंटवर बसवून दाब दिला की नवं ग्रीस आत शिरतं आणि जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येतं. मग लोखंड लोखंडाला खात नाही. काम दिसायला मळकट आहे, पण ते झालं नाही तर गाडी रस्त्यात बसते. कधी कधी बसण्यापेक्षाही वाईट होतं.

माझी निवड झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. दुकानात आम्ही पाच जणी एका दांडीवर टांगलेल्या होतो. माझ्या शेजारी एक निळी चकचकीत गन होती, मुठीला मऊ रबर आणि वर सोनेरी पट्टा. दुकानदार येईल त्याला तिचंच कौतुक ऐकवायचा. त्या दिवशी बस डेपोचे मिस्त्री आले. डेपोत त्यांना सगळे दादा म्हणत, आणि पाठीमागे मोजणीमास्तर. का ते पुढे कळेलच.

दादांनी निळीच्या नळ्यावर अंगठा दाबला. पत्रा आत गेला. त्यांनी नाक मुरडून तिला जागेवर ठेवली आणि मला उचललं. माझ्या नळ्याचे आटे उघडून पुन्हा बसवले, कुठे अडकतात का ते पाहिलं. मागचा दांडा खेचून आतल्या स्प्रिंगचा जोर पाहिला. मग खिशातून एक जुना पॉइंट काढला, हो, घरून आणला होता, आणि माझ्या तोंडाच्या जबड्यात घालून जोरात ओढला. मी सोडला नाही. शेवटी त्यांनी दुकानदाराला माझ्यात ग्रीस भरायला लावलं आणि वर्तमानपत्राच्या कागदावर दहा दाब दिले. दहा गोळे पडले, सगळे सारखे. दुकानदार वैतागून म्हणाला, गन घेताय की जावई पसंत करताय? दादा म्हणाले, "जावई वाईट निघाला तर मुलगी घरी परत येते. ही वाईट निघाली तर गाडी परत यायची नाही."

किती अभिमान वाटला मला त्या वाक्याचा! आज तेच वाक्य मला टोचतं.

डेपोत गाड्यांखाली काम करायला लांब खड्डे होते. खड्ड्यात उतरायला आठ पायऱ्या. दादा मला घेऊन उतरायचे आणि डोक्यावरच्या गाडीचे चौतीस पॉइंट एकेक करून भरायचे. प्रत्येक दाब ते मोठ्याने मोजायचे. चाकाजवळ सहा, चाकावरच्या स्प्रिंग-पाट्याच्या पिनेला चार, शाफ्टच्या जॉइंटला आठ. म्हणून मोजणीमास्तर. ग्रीस भरताना माझ्या पोटात हवा राहिली तर ते आधी ती काढून टाकायचे. काम झालं की स्वच्छ फडक्याने माझं तोंड पुसायचे, म्हणजे पुढच्या पॉइंटमध्ये धूळ जायला नको. टायरवाल्याने एकदा मला दाराखाली अडकवलं, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. त्याला दादांनी असा झाडला की बिचारा दोन दिवस माझ्याकडे बघायलाही घाबरत होता. मी मात्र अभिमानाने फुगले होते.

आता आमच्या डेपोची एक रीत सांगते, कारण सगळं तिथेच बिघडलं. पॉइंट भरून झाला की त्याच्या टोकावर थोडं ग्रीस बोटाने दाबून ठेवायचं. त्याला सगळे 'बोट' म्हणत. संध्याकाळी डेपोचे साहेब बॅटरी घेऊन खड्ड्यात यायचे, प्रत्येक पॉइंटवर उजेड टाकायचे, ताजं बोट दिसलं की कागदावर खूण करायचे. आत ग्रीस गेलं की नाही हे कुणी पाहत नव्हतं. बोट आहे ना, मग काम झालं. ही रीत कुणी पाडली देव जाणे, पण ती सगळ्यांना सोयीची होती.

चौतीस पॉइंटपैकी एक पॉइंट मोठा त्रासाचा होता. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब लोखंडी शाफ्ट जातो, त्याच्या जॉइंटवरचा. शाफ्ट फिरतो तसा तो पॉइंटही फिरतो. गाडी थांबते तेव्हा कधी तो खाली येतो, तेव्हा काम सोपं. पण कधी तो वर राहतो, गाडीच्या तळाशी तोंड करून. तिथे माणसाचं बोट पोचतं, माझं तोंड पोचत नाही. मग वर कुणीतरी ब्रेक सोडायचा, गाडी हातभर पुढे ढकलायची, शाफ्ट फिरला की पॉइंट खाली येतो. म्हणजे या एका पॉइंटला दुसरा माणूस हवाच.

आधी तो माणूस होता. गाड्या धुणारे काका दादांनी हाक मारली की येऊन ब्रेक सोडायचे. मग काकांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. दादा आता खड्ड्यातून वर चढायचे, मोकळा ड्रायव्हर शोधायचे, त्याची मनधरणी करायचे, पुन्हा आठ पायऱ्या उतरायचे. गुडघे त्यांचे कुरकुरत होतेच. तरी काही महिने त्यांनी हे केलं. तेवढं श्रेय मी त्यांना देते.

मग एका दुपारी पॉइंट वर राहिला. दादांनी खड्ड्यातून दोन हाका मारल्या. कुणी आलं नाही. "उद्या बघू," म्हणाले, स्वतःशीच. माझ्या तोंडावरचं ग्रीस त्यांनी बोटावर घेतलं, हात वर घातला आणि त्या कोरड्या पॉइंटवर बोट लावून ठेवलं. मी त्यांच्या डाव्या हातात होते, मित्रांनो, गच्च भरलेली. मलाही वाटलं, उद्या नक्की करतील. संध्याकाळी साहेबांनी खूण केली. तो उद्या काही उगवला नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गाडीला तेच झालं, मग तिसऱ्या. हाका दोनवरून एकावर आल्या, आणि मग बंदच झाल्या. लबाडी त्यांची होती, पण तिला ग्रीस माझ्या तोंडचं लागायचं. मला लाज वाटायची. सांगणार कुणाला?

एका सकाळी उतारावर आमच्या एका गाडीचा तोच जॉइंट तुटला. शाफ्टचं एक टोक रस्त्यावर पडून घासत गेलं, ठिणग्या उडाल्या. ड्रायव्हरने गाडी कशीबशी कडेच्या मातीच्या ढिगाला टेकवली. आत चाळीस माणसं होती, सगळी वाचली. कंडक्टरताई मात्र उभ्या राहून तिकिटं देत होत्या. त्या पुढच्या बाकावर आदळल्या आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

दुसऱ्या दिवशी साहेब खड्ड्यापाशी आले. तुटलेला जॉइंट आतून पार कोरडा निघाला होता. साहेबांनी दादांना कारण विचारलं. दादांची नोकरी संपायला आठ महिने उरले होते. मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होते. मला वाटलं, आता हा माणूस खरं बोलेल, कारण दाब मोजणारा माणूस खोटं कसं बोलेल?

दादांनी मला खिळ्यावरून काढलं आणि साहेबांसमोर धरलं. "साहेब, गन दगा देते. दोन-तीन महिने झाले. दाब बसत नाही हिचा."

मला पाय असते तर पायाखालची जमीन सरकली असती. दगा! मी! अकरा वर्षांत एका पॉइंटला एक दाब कमी दिला नव्हता मी. आणि हे सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक होतं, तर त्या मोजणाऱ्यालाच.

साहेब म्हणाले, उद्या सकाळी माझ्यासमोर चालवून दाखवा, खराब असेल तर नवी मागवू. झालं. संध्याकाळी सगळे हात धुवायला गेले तेव्हा दादांनी मला शिकंज्यात धरलं आणि माझं डोकं उघडलं. तिथे मोहरीपेक्षा थोडी मोठी अशी एक पोलादी गोळी असते. दाबलेलं ग्रीस मागे फिरू नये म्हणून ती वाट अडवून बसते. ती नसेल तर दांडा कितीही हलवा, ग्रीस पुढे जातं आणि तसंच मागे येतं. माझ्या पोटातली ही जागा डेपोत फक्त दादांना माहीत होती. त्यांनी ती गोळी तळहातावर घेतली, कामाच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि माझं डोकं पुन्हा घट्ट बसवलं. मग सवयीने फडकं घेऊन माझं तोंड पुसलं. गोळी काढली त्यापेक्षा त्या पुसण्याचा मला जास्त राग आला.

सकाळी चाचणी झाली. दादांनी कागदावर दहा दाब दिले, मोजून. माझ्या तोंडातून नुसती लाळ गळली. टायरवाला खो खो हसला, त्याचे जुने हिशेब चुकते झाले. साहेबांनी वहीत 'खराब' असं लिहिलं आणि निघून गेले. ज्यांनी मला कधी धड पाहिलं नव्हतं, त्यांनी मला नेमकं त्या एका दिवशी पाहिलं.

नवी गन घ्यायचं काम स्टोअरच्या बाईंकडे आलं. या बाई म्हणजे दोरीला बांधलेला चष्मा, कानामागे पेन, आणि एक खोड. जुनं का बिघडलं ते कळल्याशिवाय त्या नवं घेत नाहीत, मग तो साधा झाडू का असेना. त्यांनी दुकानातून तीन गन नमुन्याला आणल्या. बोल्ट तोलायच्या छोट्या काट्यावर प्रत्येकीचे दहा दाब तोलले, एकदा नाही, तीनदा. पहिलीचं वजन दर वेळी वेगळं. दुसरी ठीक, पण तिचं तोंड पॉइंटवरून निसटत होतं. तिसरी त्यांना पसंत पडली. मग त्यांनी विचारलं, जुनीचं नक्की काय गेलं? दादा म्हणाले, झिजली आहे सगळी, टाका भंगारात. बाई हो म्हणाल्या आणि दादांची पाठ वळताच त्यांनी मला टेबलावर घेऊन उघडलं.

स्प्रिंग जागेवर होती. गोळी नव्हती. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. पोलादी गोळी झिजून नाहीशी होत नाही, आणि डोकं उघडल्याशिवाय बाहेर पडत नाही. पण ती खरंच दोन-तीन महिने नसती, तर आणखी एक गोष्ट व्हायला हवी होती. बाई उठल्या, बॅटरी आणि पाना घेतला आणि अंगणाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या मोडक्या गाडीखाली साडीसकट शिरल्या. एकेक पॉइंट उघडून पाहिला. चाकाजवळ ताजं ग्रीस. पिनेला ताजं ग्रीस. सगळीकडे भरपूर. मग खड्ड्यावर उभी असलेली दुसरी गाडी पाहिली. तिथेही सगळे पॉइंट भरलेले, आणि शाफ्टवरचा तेवढा एक कोरडा ठणठणीत, वर मात्र सुबक बोट लावलेलं. खराब गन तेहतीस ठिकाणी नीट चालते आणि एकाच ठिकाणी रुसते, असं कुठे असतं का?

पावणेचारला बाई खड्ड्यापाशी आल्या. त्यांच्या हातात मी होते आणि सोबत कंडक्टरताई, हात गळ्यात बांधलेला. ताई तिकिटांची पिशवी जमा करायला स्टोअरमध्ये आल्या होत्या, तिथे त्यांना सगळं कळलं होतं. दादा खाली काम करत होते. बाई खड्ड्याच्या काठावर बसल्या, मला शेजारी ठेवलं आणि हळूच विचारलं, "दादा, गोळी कुठे आहे?"

बाईंनी कोणकोणते पॉइंट उघडले ते सांगितलं. दादांनी हातातलं फडकं पिळलं, सोडलं, पुन्हा पिळलं.

"बाई, आठ महिने राहिलेत माझे," ते म्हणाले. "गनचं काय जाणार आहे? तिला घर आहे का दार?"

मित्रांनो, हे मी काठावर बसून ऐकलं. माझं काही जाणार नाही, म्हणून माझ्यावर ढकललं. मला वाटलं होतं ते घाबरून चुकले असतील, गडबडीत तोंडून निघून गेलं असेल. तसं नव्हतं. त्यांनी विचार करून मलाच निवडलं होतं, जसं दुकानात निवडलं होतं तसंच पारखून. माझ्या काळजात चर्र झालं. माझ्यात काळीज नाही असं कुणी म्हणेल, म्हणू दे.

बाई म्हणाल्या, "गनचं राहू द्या. आणखी किती गाड्यांना नुसतं बोट लावलंय, ते तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

तेवढ्यात अंगणात चारची गाडी सुरू झाली. तिचं इंजिन धडधडायला लागलं. कंडक्टरताई पुढे झाल्या. "दादा, चारच्या गाडीत शाळेची मुलं असतात," त्या म्हणाल्या. "त्या गाडीला ग्रीस आहे का?"

दादांनी वर पाहिलं. गाडीने गिअर टाकल्याचा आवाज आला. हो म्हटलं असतं तर आठ महिने सुखाने गेले असते. गाडी फाटकाकडे वळली.

"थांबवा ती," दादा म्हणाले. "थांबवा, ताई."

ताई पळाल्या. मोडका हात छातीशी धरून फाटकात जाऊन उभ्या राहिल्या, आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. दादा आठ पायऱ्या चढून वर आले, साहेबांच्या खोलीत गेले. बाई मला घेऊन मागोमाग होत्या, म्हणून मला सगळं ऐकू आलं. त्यांनी खिशातून गोळी काढून टेबलावर ठेवली. "गन चांगली आहे, साहेब," ते म्हणाले. "मी दाबलंच नाही."

मग त्यांनी गाड्या सांगितल्या. नऊ होत्या. त्या संध्याकाळी नऊ फेऱ्या रद्द झाल्या, थांब्यावर माणसं संतापली, साहेबांना वरून फोन आले. चारच्या गाडीचा जॉइंट उघडला तेव्हा आतून विटकरी भुकटी सांडली. लोखंड लोखंडाला खाऊन खाऊन ती झाली होती. ताईंनी ती चिमूटभर डाव्या हातात घेऊन पाहिली.

बाईंनी माझी गोळी जागेवर बसवली आणि माझे दहा दाब काट्यावर तोलले. तीनदा, आणि तिन्ही वेळा काटा एकाच रेघेवर थांबला. त्यांनी वहीतला 'खराब' हा शब्द खोडून 'निर्दोष' लिहिलं. नमुन्यातली तिसरी गन दुसऱ्या खड्ड्याला मिळाली, मी माझ्या खिळ्यावर परत आले. साहेबांनी बोट बघायची रीत बंद केली. आता जुनं काळं ग्रीस बाहेर आलेलं दिसलं तरच खूण होते, आणि गाडी ढकलायला खड्ड्यावर दुसरा माणूस नेमला आहे. दादांना खड्ड्यातून काढून टायरची हवा तपासायला बसवलं. ते दिवसातून चार वेळा माझ्यासमोरून जातात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

तुम्ही म्हणाल, शेवटी खरं बोलले ना ते? बोलले. त्याची किंमतही त्यांनी मोजली, हे मी नाकारत नाही. पण एका ताईचं मनगट मोडलं आणि मुलांनी भरलेली गाडी फाटकापर्यंत गेली, तेव्हा कुठे ते बोलले. माझ्याबद्दल बोलायला त्यांना तोवर वेळ होता, आणि त्या वेळात त्यांनी माझी गोळी काढली.

मित्रांनो, तुम्ही कधी ग्रीस गन घ्यायला गेलात तर रंग बघू नका. नळा दाबून पाहा, तोंड ओढून पाहा, दहा दाब तोलून पाहा. आणि घेतल्यावर ती बिघडली असं कुणी म्हणालं, तर लगेच मान डोलवू नका, आधी सगळे पॉइंट उघडून बघा. आमचं तोंड फक्त ग्रीससाठी असतं हो. आमच्या बाजूने बोलायला तुमच्यापैकीच कुणीतरी लागतं.

परवा दादांच्या जागी आलेले नवे मिस्त्री आजारी पडले. एक गाडी अडून राहिली होती. साहेबांनी दादांना खड्ड्यात पाठवलं. दादा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हात पुढे आला, थांबला, मग त्यांनी मला उचललं. मी ठरवलं होतं, या हाताला एक थेंब द्यायचा नाही. तोंड मिटून घ्यायचं, लाळ गाळायची, बघू दे सगळ्यांना. वर माणसाने ब्रेक सोडला, गाडी हातभर सरकली, शाफ्टवरचा पॉइंट खाली आला. दादांनी दांडा दाबला आणि हळू आवाजात मोजायला लागले. मी आठच्या आठ दाब पूर्ण दिले. कमी कसं द्यायचं ते मला येत नाही, आणि हे त्यांना आधीपासून माहीत होतं.